तंबाखूची रोपे छपराखाली वाढविणे व लावणीपूर्वी ती काटक करणे

निपाणी, चिकोडी आणि त्याला लागून असलेल्या कोल्हापूर जिल्ह्यातील कागल भागात विडी-तंबाखूचे पीक पूर्वापार घेतले जाते. या पिकाचे यश अर्ध्याहून अधिक रोपवाटिकेवर अवलंबून असते. शेताची मशागत उत्तम झाली, खत वेळेवर मिळाले, पाऊसही समाधानकारक झाला, तरी ऐन लावणीच्या दिवशी निरोगी रोपे हाताशी नसतील तर ही सारी तयारी वाया जाते. अशा वेळी शेतकऱ्याला मिळेल त्या ठिकाणाहून, मिळेल त्या दराने रोपे विकत घ्यावी लागतात. त्या रोपांबरोबर दुसऱ्याच्या वाफ्यातील रोगही आपल्या शेतात येतो.

उघड्यावरील वाफ्यात रोपांची हानी मुख्यतः तीन कारणांनी होते. वळवाच्या किंवा मृगाच्या जोरदार सरीने बी वाहून जाते. पुढे सततच्या ओलीमुळे कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. आणि पांढरी माशी व अळ्या यांचा उपद्रव उघड्या वाफ्यात आवरता येत नाही. ही तिन्ही कारणे दूर ठेवण्याचा उपाय म्हणजे रोपे छपराखाली, खोक्यांत व ट्रेमध्ये वाढविणे. मात्र छपराच्या आडोशाला वाढलेले रोप नाजूक असते. ते एकदम शेतात नेऊन लावल्यास माना टाकते. म्हणून रोप वाढविणे व ते काटक करणे ही दोन्ही कामे एकाच कामाचे दोन भाग समजावेत. पहिले काम नीट करून दुसऱ्याकडे दुर्लक्ष करणाऱ्यास पहिल्याचेही फळ मिळत नाही.

बियाचे स्वरूप

तंबाखूचे बी अत्यंत बारीक असते. एका ग्रॅममध्ये सुमारे अकरा ते बारा हजार बिया भरतात. इतक्या लहान बियात अन्नाचा साठा फारच थोडा असतो. त्यामुळे ते मातीत खोल गेल्यास कोंब वर येण्यापूर्वीच संपतो. शिवाय तंबाखूच्या बहुतेक जातींचे बी उगवण्यास प्रकाश मिळाल्यास चांगले उगवते. या दोन गोष्टींवरून पेरणीचा मुख्य नियम निघतो. बी मातीने झाकावयाचे नाही, ते पृष्ठभागावरच राहू द्यावयाचे.

बी प्रमाणित असावे व खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावे. तंबाखूच्या मुळांवर जगणारे बंबाखू नावाचे परजीवी तण ज्या शेतात उगवते, त्या शेतातील झाडांचे बी धरू नये. या तणाचे बी धुळीसारखे बारीक असते व ते तंबाखूच्या बियात मिसळले तर डोळ्यांना ओळखता येत नाही.

एका एकरासाठी लागणारी सामग्री

तीन फूट बाय अडीच फूट अंतरावर लावणी केल्यास एकरी ५,८०८ रोपे लागतात. नांगे भरण्यासाठी पाचवा हिस्सा अधिक धरल्यास सुमारे ७,००० रोपे तयार ठेवावीत. त्यासाठी पुढील सामग्री पुरते.

(१) दोन ग्रॅम बी.

(२) दोन फूट लांब, दीड फूट रुंद व चार इंच खोल अशी २४ खोकी. फळांची जुनी लाकडी खोकी कापून ती घरीच तयार करता येतात. प्रत्येक खोक्याच्या तळाला पाणी निथळण्यासाठी आठ-दहा भोके पाडावीत.

(३) ९८ खळग्यांचे ७२ प्लॅस्टिक ट्रे. भाजीपाल्याच्या रोपांसाठी हे ट्रे सर्वत्र वापरले जातात व जपून हाताळल्यास ते एकाहून अधिक हंगाम टिकतात.

(४) बारा फूट बाय पंधरा फूट जागेवरील छप्पर. बांबू किंवा मेढी उभ्या करून वर पारदर्शक प्लॅस्टिक व त्याखाली हिरवी सावलीची जाळी अंथरावी. चारी बाजूंनी बारीक छिद्रांची कीटकरोधक जाळी लावावी. पेरणीनंतरचे पहिले आठ-दहा दिवस खोकी घराच्या पडवीत किंवा सोप्यात ठेवली तरी चालतात. गोठ्याला लागून मात्र ठेवू नयेत.

मातीचे मिश्रण

दोन भाग पोयट्याची माती, एक भाग पूर्ण कुजलेले व चाळलेले शेणखत आणि एक भाग नदीची वाळू असे मिश्रण खोक्यांसाठी करावे. ज्या जमिनीत मागील हंगामात तंबाखू, मिरची, वांगी किंवा टोमॅटो होता, तेथील माती घेऊ नये. ही पिके एकाच कुळातील असल्याने त्यांचे अनेक रोग व मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी समाईक असतात.

पूर्वी वाफ्याच्या जागेवर पालापाचोळा, काटक्या व तूस पसरून राब भाजण्याची चाल होती. त्यामुळे वरच्या थरातील बुरशी व तणाचे बी मरते हे खरे, परंतु खत होऊ शकणारा पाला त्यात जळून जातो. तेच काम उन्हाने करून घेता येते. एप्रिल-मे महिन्यांत मिश्रण ओले करून उघड्या जागी सहा इंच जाडीचा थर करावा. त्यावर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीने घट्ट बुजवाव्यात. चार ते सहा आठवडे तसेच ठेवल्यास आत कोंडलेल्या उष्णतेने रोगजंतू, सूत्रकृमी व तणाचे बी मोठ्या प्रमाणात नष्ट होते. काळे प्लॅस्टिक या कामी तितके उपयोगी पडत नाही. त्यातून ऊन आत शिरत नसल्यामुळे माती कमी तापते.

पेरणी

निपाणी भागात तंबाखूची लावणी ऑगस्टमध्ये करावयाची असते. खोक्यात सुमारे २५ दिवस व ट्रेमध्ये सुमारे महिनाभर असा हिशेब धरून १० ते २० जूनच्या दरम्यान बी पेरावे.

पेरणीच्या दोन दिवस आधी खोकी भरून घ्यावीत. माती वरून सारखी करून फळीने हलकेच दाबावी. नंतर लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात कॉपर ऑक्सिक्लोराइड पाण्यात मिसळून ते मातीत जिरवावे.

दोन ग्रॅम बी २४ खोक्यांत सारखे वाटणे हे हाताच्या चिमटीचे काम नव्हे. त्यासाठी २४०० ग्रॅम कोरडी, बारीक चाळलेली वाळू घेऊन तीत बी मिसळावे व वजनाने शंभर-शंभर ग्रॅमचे २४ भाग करावेत. एका खोक्यास एक भाग पुरतो. भाग काढताना दर वेळी मिश्रण ढवळावे, नाहीतर बी एका बाजूस जमते. अर्धा भाग लांबीच्या दिशेने व उरलेला अर्धा रुंदीच्या दिशेने टाकल्यास पेरणी सारखी पडते. पेरल्यावर माती टाकू नये. फळीने किंचित दाबून वर भाताच्या पेंढ्याच्या काड्या विरळ पसराव्यात. काड्यांमधून माती दिसत राहिली पाहिजे. त्यामुळे प्रकाश आत जातो व ओलही टिकते.

मुंग्या हे बी वेचून नेतात. खोकी जमिनीवर न ठेवता मांडवावर किंवा बाकावर ठेवावीत आणि बाकाचे पाय पाण्याने भरलेल्या डब्यांत उभे करावेत. डब्यांतील पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावे, म्हणजे त्यात डास होणार नाहीत.

उगवण व पहिले तीन आठवडे

बी साधारणतः सात ते दहा दिवसांत उगवते. या काळात मातीचा पृष्ठभाग एकदाही सुकता कामा नये. अगदी बारीक छिद्रांच्या झारीने दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे पाणी द्यावे. एकदम पुष्कळ पाणी घातल्यास बी एका कोपऱ्यात जमते.

हिरवी झाक दिसू लागताच पेंढा काढून घ्यावा व खोकी पडवीत असल्यास त्याच दिवशी उजेडाच्या छपराखाली हलवावीत. घरातील मंद उजेडात ठेवलेली रोपे दोन-तीन दिवसांतच उंच, पांढुरकी व सुतासारखी बारीक होतात. अशी रोपे पुढे कितीही निगा केली तरी सुधारत नाहीत. उजेड एकाच बाजूने येत असेल तर रोपे तिकडे झुकतात. अशा वेळी खोकी रोज अर्धी फिरवून ठेवावीत.

उगवण पूर्ण झाल्यावर पाण्याच्या पाळ्या कमी कराव्यात. सकाळी एकदाच पाणी द्यावे, म्हणजे सायंकाळपर्यंत पाने व मातीचा वरचा थर कोरडा होतो. रोपे कोलमडण्याचा रोग पिथियम नावाच्या बुरशीसारख्या सूक्ष्म जीवामुळे होतो व त्यास ओल, दाटी आणि कोंदट हवा पोषक असते. रोपाचे बूड पाण्याने भिजल्यासारखे दिसते, तेथे ते बारीक पडते व रोप आडवे होते. सकाळी एका कोपऱ्यात दिसलेला हा रोग पावसाळी हवेत दुसऱ्या दिवशी अर्धे खोके व्यापतो. वाफा एकसंध असल्यास तो सर्वत्र पसरतो. खोक्यांत तो एका खोक्यापुरता थांबविता येतो व हाच खोक्यांचा मोठा लाभ आहे. रोग दिसलेले खोके ताबडतोब छपराबाहेर काढावे. बाकीच्या खोक्यांचे पाणी एक दिवस थांबवावे, बाजूच्या जाळीवरील आडोसे काढून वारा खेळता ठेवावा व वरील प्रमाणातच कॉपर ऑक्सिक्लोराइड फवारावे. रोग नसला तरी पेरणीनंतर दोन आठवड्यांनी एक फवारणी करावी.

ट्रेमध्ये स्थलांतर

पेरणीपासून सुमारे २५ दिवसांनी रोपांना तीन-चार खरी पाने येतात. त्या वेळी ती ट्रेमध्ये हलवावीत. ट्रेच्या खळग्यांत ओलसर केलेला नारळाचा भुसा, म्हणजेच कोकोपीट, भरावा. खोक्यास आधी भरपूर पाणी द्यावे व बोथट काडीने रोप मुळासह उचलावे. रोप पानाने धरावे. देठाने धरल्यास नाजूक खोड दबते. प्रत्येक खळग्यात एक रोप लावावे व त्याचा शेंडा भुश्याखाली जाऊ देऊ नये. लहान-मोठी रोपे वेगवेगळ्या ट्रेमध्ये लावल्यास पुढे एकसारखी वाढ होते.

पहिले तीन दिवस ट्रे गडद सावलीत ठेवावेत. रोपे सावरल्यावर ती नेहमीच्या जागी आणावीत. कोकोपीटमध्ये अन्न फारसे नसते. म्हणून आठवड्यातून एकदा १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात झारीने द्यावे व नंतर साध्या पाण्याने पाने धुऊन टाकावीत. युरियाचा हात सैल सोडू नये. त्याने रोपे हिरवीगार व लुसलुशीत दिसतात, पण शेतात प्रथम तीच मरतात. क्लोराइड असलेली पालाशयुक्त खते तंबाखूस वर्ज्य आहेत. त्यांच्यामुळे पानाचा जळण्याचा गुण बिघडतो.

कीड व मोझेक रोग

पाने खाणाऱ्या अळीचा, म्हणजे स्पोडोप्टेराचा, पतंग पानाच्या खालच्या बाजूस पुंजक्याने अंडी घालतो. रोज सकाळी पाने उलटून पाहावीत व पुंजके दिसताच ते पानासह तोडून नष्ट करावेत. पांढरी माशी पाने गुंडाळणाऱ्या रोगाचा प्रसार करते. जाळी फाटू देऊ नये, दार उघडे ठेवू नये व आत पिवळे चिकट सापळे टांगावेत.

मोझेक हा विषाणूजन्य रोग मात्र किडीपेक्षा माणसाच्या हातांनीच अधिक पसरतो. १८९२ साली दिमित्री इव्हानोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की रोगट तंबाखूचा रस जंतू अडविणाऱ्या गाळणीतून गाळला तरी त्यातील रोग कायम राहतो. विषाणूंच्या अभ्यासाचा आरंभ याच पिकावरील याच रोगापासून झाला. हा विषाणू वाळलेल्या पानातही दीर्घकाळ जिवंत राहतो. म्हणून विडी ओढणाऱ्या किंवा तंबाखू चोळणाऱ्या माणसाने हात न धुता रोपांना स्पर्श केला तर रोग त्याच्या बोटांवरून रोपात जातो. रोपवाटिकेत विडी व तंबाखूस पूर्ण मनाई असावी. आत जाण्यापूर्वी प्रत्येकाने साबणाने हात स्वच्छ धुवावेत. पानांवर फिकट-गडद हिरवे पट्टे दिसणारे रोप इतर रोपांस न लावता उपटून जाळावे. ज्या हाताने ते उपटले तो हात धुतल्यावाचून दुसऱ्या रोपास लावू नये.

रोपे काटक करणे

लावणीपूर्वीचे शेवटचे दहा दिवस हे रोपाच्या परीक्षेचे दिवस होत. छपराखाली रोपास वारा लागलेला नसतो, तीव्र ऊन माहीत नसते आणि पाणी मागण्यापूर्वीच मिळालेले असते. त्याच्या पानांवरील मेणचट आवरण पातळ असते, म्हणून शेतात गेल्यावर त्यातील पाणी झपाट्याने उडून जाते. ऊन, वारा व पाण्याची ओढ यांची क्रमाने सवय लावल्यास हे आवरण जाड होते, खोडात अन्नाचा साठा वाढतो व मुळे भरतात. त्यासाठी पुढील क्रम पाळावा.

पहिला व दुसरा दिवस : खत पूर्ण बंद करावे. ट्रे सकाळी दोन तास उघड्यावर ठेवून परत आत घ्यावेत.

तिसरा व चौथा दिवस : सकाळी चार तास बाहेर ठेवावेत. पाणी निम्म्यावर आणावे.

पाचवा व सहावा दिवस : दुपारपर्यंत बाहेर ठेवावेत.

सातवा व आठवा दिवस : दिवसभर बाहेर व रात्री आत ठेवावेत.

नववा व दहावा दिवस : दिवस-रात्र बाहेरच ठेवावेत.

या काळात पाणी घड्याळ पाहून न देता रोप पाहून द्यावे. दुपारी पाने किंचित मलूल झाली व सायंकाळी आपोआप सावरली तर पाणी देऊ नये. सायंकाळीही ती सावरली नाहीत तर मात्र लगेच द्यावे. श्रावणात ऊन अनेकदा थोडेच पडते. अशा वेळी वारा व कमी पाणी यांवरच भिस्त ठेवावी व मुसळधार सर आल्यास ट्रे झाकावेत, कारण भिजलेल्या खळग्यांत रोपे काटक होत नाहीत.

काटक झालेल्या रोपाची उंची चार ते पाच इंच असते, खोड पेन्सिलीएवढे जाड असते व पानांवर किंचित पिवळसर झाक येते. खात्रीची परीक्षा अशी : रोपाचे खोड बोटाभोवती हलकेच वळवावे. ते न मोडता वळले तर रोप तयार समजावे. काकडीसारखे कटकन मोडले तर आणखी दोन-तीन दिवस थांबावे. मात्र लावणी लांबली म्हणून हाच क्रम पंधरा-वीस दिवस चालू ठेवणेही घातक आहे. अशी रोपे खुरटतात व शेतात गेल्यावर अकाली फुलतात.

लावणी

लावणीच्या आदल्या सायंकाळी ट्रेस भरपूर पाणी द्यावे. लावणी ढगाळ दिवशी किंवा दुपारी चारनंतर करावी. खळग्याखालून बोटाने ढकलल्यास रोप मुळांच्या गठ्ठ्यासह बाहेर येते. ते ओढून काढू नये. गठ्ठा पूर्ण मातीत जाईल, पण शेंडा उघडा राहील इतक्या खोलीवर लावून बुडाशी माती दाबावी व लगेच पाणी द्यावे. आठ-दहा दिवसांत शेत पाहून नांगे भरावेत. राखून ठेवलेली रोपे त्याच ट्रेमधील असल्याने पीक एकसारखे वाढते.

हाताळणाऱ्यांची काळजी

तंबाखूच्या ओल्या पानांतील निकोटीन त्वचेतून शरीरात शिरते. त्यामुळे मळमळ, उलटी, चक्कर व डोकेदुखी होते. पावसाने किंवा दवाने भिजलेल्या पिकात काम करताना हा धोका अधिक असतो. रबरी हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत, ओले कपडे लवकर बदलावेत व काम संपताच हात-पाय साबणाने धुवावेत. लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना या कामास लावू नये. लक्षणे दिसताच काम थांबवून डॉक्टरांकडे जावे.

ग्रामसेवकांसाठी

ही पद्धत सांगून पटत नाही, दाखवून पटते. ग्रामसेवकाने आपल्या कक्षेत एका शेतकऱ्याची निवड करून त्याच्या अंगणात केवळ दहा ट्रेचे प्रात्यक्षिक घ्यावे. निम्मी रोपे वरील क्रमाने काटक करावीत व निम्मी छपराखालीच ठेवावीत. दोन्ही एकाच दिवशी, एकाच शेतात, शेजारशेजारच्या ओळींत लावावीत. दहाव्या दिवशी गावकऱ्यांना बोलावून जगलेली रोपे त्यांच्याकडूनच मोजून घ्यावीत. त्या मोजणीपुढे भाषणाची गरज राहत नाही. खर्चाचा हिशेबही लपवू नये. ट्रे, जाळी व प्लॅस्टिक यांचा पहिल्या वर्षाचा भार एका लहान शेतकऱ्यास जड जातो. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून एक छप्पर उभारल्यास तो हलका होतो.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्यांपुढे स्पष्ट ठेवावी. तंबाखूचे सेवन आरोग्यास अपायकारक आहे आणि भारताने २००४ साली जागतिक तंबाखू नियंत्रण करारास मान्यता दिली आहे. तंबाखू उत्पादकांना परवडणारी पर्यायी पिके मिळवून देण्यास साहाय्य करणे हेही त्या करारात अंतर्भूत आहे. पुढेमागे ज्या शेतकऱ्यास तंबाखूखालील क्षेत्र कमी करावयाचे असेल, त्याचा या कामी झालेला खर्च वाया जात नाही. हेच छप्पर, हेच ट्रे व रोपे काटक करण्याची हीच रीत मिरची, वांगी, टोमॅटो व कोबी यांनाही लागू पडते. मात्र तंबाखूसाठी वापरलेले ट्रे अन्य पिकास घेण्यापूर्वी साबणाच्या पाण्याने घासून, धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून घ्यावेत.

वेळापत्रक

एप्रिल-मे : मातीचे मिश्रण करून उन्हाने तापविणे.
जूनचा पहिला आठवडा : छप्पर उभारणे व खोकी भरणे.
१० ते २० जून : पेरणी.
५ ते १५ जुलै : रोपे ट्रेमध्ये हलविणे.
२५ जुलै ते ५ ऑगस्ट : रोपे काटक करण्यास आरंभ.
५ ते १५ ऑगस्ट : लावणी.
त्यानंतर आठ-दहा दिवसांनी : नांगे भरणे.